इंदूरच्या जुन्या घरात पर्यावरणासाठी काय बदलावं? सुरुवात कुठून?

लोकमान्यनगर_दुमजली:

नमस्कार मंडळी. घर दुमजली, पन्नासेक वर्षांचं. माणसं पाच, त्यात दोघं वयस्क. गच्ची हजार चौरस फूट, तिच्यावर पंधरा-सोळा कुंड्या. नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो. अंगणात बोरिंग आहे, पण एप्रिल संपता संपता ते आटतं. स्वयंपाकघरात आरओ आहे. ओला-सुका कचरा वेगळा करून गाडीला देतो, ती सवय आता शहरात सगळ्यांनाच आहे.

आता यापुढे काय करावं, हा प्रश्न आहे. वर्षभरात बारा-पंधरा हजार खर्च करता येतील. घरात प्रत्येकाचं मत वेगळं: कोणी म्हणतं घरीच खत करा, कोणी म्हणतं सोलर, कोणी म्हणतं पावसाचं पाणी बोरिंगमध्ये सोडा. प्लंबरने अंगणात तीन फुटांचा खड्डा करून पन्हाळीचा पाइप त्यात सोडायला सांगितलंय. वरवरची कामं नकोत, ज्याने खरंच काही वाचेल ते करायचं आहे. जाणकारांनी क्रम सांगावा.

---

हौद_आणि_टाकी:

इंदुरात सुरुवात पाण्यापासून करा. कारण इथे पाणी म्हणजे वीज.

१९७८ साली नर्मदा इंदुरात आली ती नदीकाठच्या जलूदहून, सत्तरएक किलोमीटर पाइपातून, विंध्याचा घाट चढून. नदी तिथे समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आसपास, आपलं शहर साडेपाचशेवर. म्हणजे प्रत्येक बादली चारशे मीटर उचलून आणलेली. हजार लिटर पाणी चारशे मीटर उचलायला नुसत्या भौतिकशास्त्राच्या हिशोबाने १.१ युनिट लागतं. पंपातली आणि पाइपातली घट धरली की दीडच्या पुढे जातं, आणि घरातली मोटर वेगळीच. महापालिकेने २०२३ साली हरित रोखे (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढून २४४ कोटी उभे केले, ते जलूदच्या सौर प्रकल्पासाठी. त्यामागे पाणी उपसण्याचं हे वीजबिलच आहे. आपण मोरीत सोडलेलं पाणी हे असं आलेलं असतं.

पहिलं काम फुकटचं आहे. रात्री निजताना फ्लशच्या टाकीत चमचाभर खाण्याचा रंग टाका, फ्लश न करता पंधरा-वीस मिनिटं थांबा. भांड्यात रंग उतरला तर तळाचा रबरी वॉशर गेलाय. ही धार डोळ्यांना दिसत नाही आणि आवाजही करत नाही. मिनिटाला १०० मिली गळली तरी दिवसाला १४४ लिटर होतात. वॉशर साठ-सत्तर रुपयांत मिळतो, पण जुना सोबत घेऊन जा, माप जुळलं नाही तर गळती कायम राहते. टाकी जुनी दहा लिटरची असेल तर आत पाण्याने भरलेली लिटरची बाटली उभी ठेवा. वीट ठेवू नका. ती विरघळते आणि तिचा चुरा वॉशरखाली अडकून नवीन गळती सुरू होते.

दुसरं, नळ. लिटरचा मग धरा आणि सेकंद मोजा. सहा सेकंदांत भरला तर मिनिटाला दहा लिटर. भांडी आणि हात धुण्याच्या नळाला तोंडाशी जाळीचा एरेटर बसवला की हेच तीन-चार लिटरवर येतं आणि धार तेवढीच भरलेली वाटते. आटे आतले की बाहेरचे ते बघून घ्या. नर्मदेच्या नळाबरोबर सुरुवातीला रेती येते, ती जाळीत बसते. महिन्याला एकदा काढून व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवा. बादली भरायच्या नळाला मात्र एरेटर लावू नका, तिथे पाणी तेवढंच लागतं, फक्त वेळ वाढतो.

तिसरं, आणि हे आपल्या घरांतलं जुनं दुखणं: नळ आला की कालचं पाणी ‘शिळं’ म्हणून ओतून द्यायचं. झाकलेल्या स्वच्छ भांड्यात एक दिवसाआडचं पाणी खराब होत नाही. ज्यांच्या मनाला पटत नाही त्यांनी ते पुसायला, कुंड्यांना, कूलरला घ्यावं, पण मोरीत नको. वयस्क माणसांशी यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. स्वयंपाकघरात झाकणाची एक वेगळी बादली ठेवा, शिळं पाणी तिच्यात जाऊ द्या.

आणि एक कळकळीची विनंती. नळाच्या लाइनवर थेट टुल्लू (पाणी ओढणारी छोटी मोटर) लावत असाल तर आजच काढा. मोटर पाइपात पोकळी करते आणि जमिनीखाली जिथे जोड सैल आहे तिथून बाजूच्या गटाराचं पाणी आत ओढते. ते तुमच्या घरात येतं आणि शेजाऱ्याच्याही. नळाचं पाणी आपल्या दाबाने हौदात पडू द्या, मोटर हौदातून टाकीत. टाकीच्या बॉलकॉकचा रॉड वर्षाकाठी वाकतो आणि टाकी वाहू लागते, तोही एकदा तपासा.

---

गच्चीवरची_माती:

पाण्याचं अगदी बरोबर. खताबद्दल मी लिहिते.

घरी खत करायचं की गाडीला द्यायचं, याचं उत्तर बाकी गावांत एक आणि इंदुरात दुसरं आहे. बाकी ठिकाणी ओला कचरा डेपोवर सडून मिथेन सोडतो. आपल्याकडे तो देवगुराडियाला जातो. १९ फेब्रुवारी २०२२ ला तिथला गोबरधन प्रकल्प सुरू झाला, रोज ५५० टन ओल्या कचऱ्याच्या क्षमतेचा. त्यातून बायो-सीएनजी आणि खत निघतं. तेव्हा ज्यांच्याकडे झाडं नाहीत त्यांनी घरी खत करण्याचा आटापिटा करू नये, कचरा नीट द्यावा. नीट म्हणजे पिशवीत बांधून नाही. पॉलिथिन, रबरबँड, अगरबत्तीची काडी, दोऱ्यासकट हार, हे सगळं यंत्रात अडकतं. निर्माल्यातली फुलं दोऱ्यातून ओढून काढायला दोन मिनिटं लागतात.

तुमच्याकडे पंधरा कुंड्या आहेत, म्हणून तुम्ही करा, पण अर्ध्याच कचऱ्याचं. कच्च्या भाज्यांची सालं, देठं, चहाचा धुतलेला चोथा, फळांची सालं बादलीत. उरलेले पोहे, शेव पडलेली उसळ, तेलकट कचोरी, दुधाचे पदार्थ गाडीला. मीठ आणि तेल कुंडीतल्या मातीला मानवत नाही.

रंगाच्या वीस लिटरच्या तीन बादल्या घ्या, स्वच्छ धुतलेल्या. बाजूंना सहा-आठ मिलिमीटरची छिद्रं चार ओळींत, तळाला सात-आठ, खाली ताटली. तळाला दोन-तीन इंच नारळाच्या शेंड्या. त्यावर रोज: एक वाटी बारीक चिरलेला कचरा, त्यावर तेवढाच किंवा निदान अर्धी वाटी सुका पाला, चुरडून. पहिल्या दिवशी दोन मुठी जुनं खत आणि वाटीभर आंबट ताक. दर तीन-चार दिवसांनी सळईने खालवर करा. बादली तीन आठवड्यांत भरते, मग झाकून बाजूला ठेवायची आणि दुसरी सुरू करायची. उन्हाळ्यात चाळीस-पंचेचाळीस दिवस, थंडीत साठच्या वर.

बिघडतं कुठे ते सांगते, कारण बहुतेक जण दुसऱ्या महिन्यात सोडून देतात. मूठ दाबून पाहायची: एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर ओलं, भुरभुरलं तर कोरडं. सडका वास म्हणजे हवा नाही, पाला घाला आणि ढवळा. नाकाला झोंबणारा वास म्हणजे हिरवं जास्त झालं, तिथेही पालाच. मुंग्या लागल्या म्हणजे कोरडं पडलंय, पाणी शिंपडा. श्रावणात मोठ्या चपट्या करड्या अळ्या दिसतील आणि घरातले घाबरतील. त्या सोल्जर माशीच्या अळ्या, चावत नाहीत, रोग आणत नाहीत, उलट काम पटापट करतात. नको असतील तर वर दोन इंच कोरडा पाला पसरा. लिंबा-संत्र्याची सालं मूठभरच. सुताराकडचा भुसा घेतलात तर साध्या लाकडाचा घ्या, प्लायवुडचा नको, त्यात गोंद असतो.

सगळ्यात मोठी गोम पाल्याची. लागतो तो पावसाळ्यात आणि मिळतो फाल्गुन-चैत्रात. तेव्हा सोसायटीत, बागेत पानगळ झालेली असते आणि लोक ती जाळतात. तीच गोणपाटात भरून जिन्याखाली ठेवा, पाच माणसांना तीन-चार पोती वर्षभर पुरतात.

तयार खत कुंडीत नुसतं भरू नका. आपली काळी माती भिजली की चिकट आणि वाळली की दगड. एक भाग माती, एक भाग खत, एक भाग जाड रेती किंवा चाळलेला मुरूम. तेव्हा मुळांना हवा मिळते आणि पाणीही कमी लागतं.

---

लोकमान्यनगर_दुमजली:

दोघांचेही मनापासून आभार. फ्लशची परीक्षा केली, खालच्या मजल्यावरचा गळतोय. दोन शंका. आरओमधून जे पाणी बाहेर पडतं ते कुंड्यांना चालतं का? आणि प्लंबरचा खड्डा करावा का?

---

मुरूम_खाली:

खड्डा करू नका. निदान तो तसा नको.

माळव्याची जमीन कशी आहे ते आधी बघा: वर काळी माती, कुठे चार फूट, कुठे पंधरा. तिच्याखाली मुरूम, मग काळा पाषाण. काळी माती पाणी पिते, फुगते आणि मग खाली काहीच जाऊ देत नाही. तीन फुटांच्या खड्ड्यात पाणी भरेल, डबकं होईल, डास होतील. आणि वाईट म्हणजे, पन्नास वर्षांचं घर, त्याच्या पायाजवळची काळी माती एका ऋतूत फुगली आणि दुसऱ्यात आकसली की भिंतींना तडे जातात. खड्डा करायचा तर पायापासून निदान दहा फूट, सेप्टिक टाकीपासून तीस-पस्तीस फूट लांब, आणि काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खोल. एवढं अंगण नसेल तर खड्ड्याचा विचारच सोडा.

तुमच्याकडे पाणी किती आहे ते मोजू. हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. इंदूरचा पाऊस सरासरी साडेनऊशे मिलिमीटर धरा, त्यातला ऐंशी टक्के हाती लागतो. म्हणजे सत्तर हजार लिटर. बराचसा जुलै-ऑगस्टात.

माझं मत स्पष्ट आहे: हे पाणी आधी हौदात घ्या, बोरिंगचं नंतर. आपल्या पाषाणात पाणी फटींमधून फिरतं. तुम्ही बोरिंगमध्ये सोडलेलं पाणी मे महिन्यात तुमच्याच बोरिंगला मिळेल याची खात्री नसते, ते चार घरांपलीकडे निघू शकतं. ते वाया जात नाही, वस्तीच्या भूजलात पडतं, आणि म्हणून करायला हवंच. पण हौदात घेतलेलं पाणी त्याच दिवशी नर्मदेचं पाणी वाचवतं. पावसाळ्याचे दोन महिने कपडे, फरशी, फ्लश, सगळं त्यावर चालतं.

मांडणी अशी. गच्चीच्या सगळ्या पन्हाळी एका ११० मिमीच्या पाइपात आणा. खाली येताना आधी एक फाटा आणि त्याला व्हॉल्व्ह: पहिल्या पावसाचं पाणी या फाट्याने बाहेर. धूळ, पाखरांची विष्ठा, पाला, सगळं त्यात असतं. दीड मिलिमीटर पाऊस सोडायचा म्हणजे तुमच्या गच्चीवरून सुमारे १४० लिटर. पुढे दोनशे लिटरच्या ड्रमची गाळणी: तळाला वीतभर जाडी गिट्टी, वर वीतभर बारीक गिट्टी, वर वीतभर धुतलेली जाड रेती, प्रत्येक थरामध्ये नायलॉनची जाळी. जाळी विसरलात तर पहिल्याच मोठ्या पावसात रेती खाली उतरते आणि गाळणी बसते. पाणी वरून सोडा, खालून काढा. ड्रमच्या वरच्या काठाला एक जास्तीचा पाइप ठेवा, नाहीतर इंदूरचा जोराचा पाऊस ड्रमवरून वाहून अंगणात येईल. हौद भरला की पुढचं पाणी याच गाळणीतून बोरिंगकडे वळवा. सगळं मिळून सहा ते नऊ हजारांत बसतं, पाइपाच्या लांबीवर आहे.

बोरिंगमध्ये फक्त गच्चीचं गाळलेलं पाणी. अंगणाचं, गाडी धुतल्याचं, वॉशिंग मशीनचं कधीही नाही. एकदा साबण-तेल पाषाणाच्या फटीत गेलं की ते काढता येत नाही, आणि ते पाणी कोणीतरी पीत असतं.

वेळ पाळा: ज्येष्ठात गच्ची झाडणं, रेती धुणं, व्हॉल्व्ह फिरवून बघणं. वर्षभर बंद पडलेला व्हॉल्व्ह ऐन पावसात जाम होतो.

आणि कुंड्या गच्चीवर आहेत म्हणालात. त्या पन्हाळीच्या तोंडापासून दूर, विटांवर ठेवा. नाहीतर पावसात माती वाहून गाळणीतच येईल.

---

युनिट_मोजा:

विजेचं थोडक्यात. बारा-पंधरा हजारांत सोलर बसणार नाही, तेव्हा यंदा पंखे.

जुना पंखा ७५ वॉट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) २८ ते ३२. दिवसाला चौदा तास, वर्षाला आठ महिने धरले तर एका पंख्यामागे दीडशे युनिट वाचतात. सगळे एकदम बदलू नका. वयस्क माणसांच्या खोलीतला, जो दिवसभर फिरतो, तो आधी. पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या, चालता पंखा भंगारात देण्यात पर्यावरणाचं भलं नाही. बीएलडीसीला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर चालत नाही. तो काढून वायर थेट जोडावी लागते, नाहीतर पंखा गुणगुणतो आणि आतला सर्किट बोर्ड जातो. इलेक्ट्रिशियन हे न सांगता बसवून जातात.

एसी असेल तर २६ वर आणि पंखा सोबत, एका अंशामागे सहा टक्के वीज कमी-जास्त होते. पण माळव्याच्या उन्हाळ्याला एक देणगी आहे, रात्र गार होते. सकाळी आठला खिडक्या-पडदे बंद, सूर्यास्तानंतर सगळं उघडं. एवढ्याने वरचा मजला बराच निवतो. गच्चीला मार्चमध्ये चुन्याचे दोन हात द्या. चुना रात्रभर भिजवून, गाळून, थोडा फेव्हिकॉल घालून. मात्र वर पावसाच्या पाण्याचं बोलणं झालंय, तेव्हा चुना दिलेल्या वर्षी पहिले दोन-तीन पाऊस पूर्ण सोडून द्या.

सोलर पुढच्या वर्षी करायचं असेल तर आत्ताच दोन गोष्टी बघून ठेवा. जागा: एक किलोवॉटला शंभर चौरस फूट, सकाळी नऊ ते तीन सावली नको, टाकीची सावलीसुद्धा नको. दक्षिणेकडे तोंड, २२-२३ अंश कल, कारण इंदूरचा अक्षांश तेवढाच आहे. पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा जास्तीला ७८,००० अनुदान आहे. पॅनल धुवायला बोरिंगचं जड पाणी वापरू नका, पांढरे डाग बसतात आणि निघत नाहीत. पहाटे, पॅनल गार असताना, नर्मदेच्या पाण्याने किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने धुवा.

---

हौद_आणि_टाकी:

आरओच्या पाण्याचं राहिलं होतं.

साधारण एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन लिटर बाहेर जातं, जुन्या मेम्ब्रेनला तीनही. त्या बाहेरच्या पाण्यात क्षार मूळ पाण्याच्या दीडपट होतात. म्हणजे उत्तर तुमच्या पाण्यावर आहे. दोनशे रुपयांचा टीडीएस मीटर घ्या, तो पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो (लिटरमागे मिलिग्रॅम). नळाचं पाणी २५० असेल तर बाहेरचं ३५०-४००, कुंड्यांना खुशाल घाला. बोरिंगचं ९०० असेल तर बाहेरचं तेराशेच्या पुढे. ते झाडांना नको, कुंडीच्या काठावर पांढरं कडं दिसू लागतं, पानांची टोकं करपतात. तुळस आणि मोगरा आधी बोलतात. ते पाणी फ्लशला, फरशीला. वॉशिंग मशीनला नको, साबण जास्त लागतो.

त्याआधीचा प्रश्न असा की आरओ लागतोच का. पिण्याच्या पाण्यासाठी ५०० पर्यंत टीडीएस स्वीकारार्ह धरला आहे, आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० च्या खालच्या पाण्याला आरओ वापरण्याविरुद्धच सांगितलं होतं. नर्मदेचं पाणी असेल तर यूव्ही (जंतू मारणारे अतिनील किरण) आणि यूएफ (बारीक गाळणी) पुरतं आणि बाहेर काही फेकावं लागत नाही. पण मीटर जंतू दाखवत नाही, एवढं लक्षात ठेवा. आकडा १५० असूनही पाणी दूषित असू शकतं. पाणी गढूळ आलं, वास आला, तर कोणतंही यंत्र असो, खळखळून उकळी येऊ द्या आणि मगच प्या.

---

गच्चीवरची_माती:

सुक्या कचऱ्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून जाता जाता. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, लटकता ठेवा. तो छोटा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही आणि नाल्यात जातो. पिशवी धुऊन, उलटी वाळवून, आठवड्याच्या एकत्र द्या. ओली, आंबलेली पिशवी कबाडीही घेत नाही. वेफरच्या पाकिटाला आत चकचकीत थर असतो, ते दुधाच्या पिशव्यांच्या गठ्ठ्यात घालू नका, अख्खा गठ्ठा बिघडतो. मुदत संपलेली औषधं, बल्ब, सेल घरगुती घातक कचऱ्यात. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळ्या डब्यात. गाडीवर तो कचरा हाताने उचलणारी माणसं आहेत.

---

लोकमान्यनगर_दुमजली:

क्रम ठरला. या आठवड्यात वॉशर, एरेटर आणि टीडीएस मीटर. पावसाआधी पन्हाळी आणि ड्रमची गाळणी, खड्डा रद्द. एक पंखा, खालच्या खोलीतला. बादल्या सुरू करतो, पण घरात सध्या सुका पाला नाही. पानगळीपर्यंत काय वापरू?

---

गच्चीवरची_माती:

कोकोपीट. पाच किलोची वीट घ्या, गरजेपुरता तुकडा तोडून हाताने मोकळा करा आणि कोरडाच वापरा, भिजवायचा नाही. वाटीभर कचऱ्याला अर्धी वाटी. अंड्यांचे ट्रे आणि साधा खाकी पुठ्ठा फाडूनही चालतो, चिकटपट्टी काढून. रंगीत गुळगुळीत छपाईचा कागद नको. आणि उसाच्या रसवंतीवरचं चिपाड मिळालं तर दोन दिवस कडक उन्हात वाळवून मगच घाला, गोडव्याला मुंग्या येतात.